घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर: नव्या वैमानिकांसाठी

इंजिन बंद पडलं म्हणून विमान कोसळत नाही. पंखांना अंगावरून वाहती हवा लागते. ती इंजिनाच्या जोरावर मिळाली काय किंवा उंची खर्चून मिळाली काय, त्यांना फरक पडत नाही. उतारावर पेडल न मारता सायकल चालावी तसं, नाक थोडं खाली ठेवलेलं विमान उडत राहतं. ग्लाइड रेशो ९ ला १ धरला, तर वारा नसताना १,००० फुटांवरून ९,००० फूट म्हणजे पावणेतीन किलोमीटर पुढे जाता येतं. ७० नॉट वेगाने तेवढं जायला सव्वा मिनिट लागतं. सव्वा मिनिटात पुष्कळ काही करता येतं. माणसं दगावतात ती बहुतेक वेळा त्या सव्वा मिनिटात नाक वर ओढून धरल्यामुळे. वेग जातो, विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपते, एक पंख खाली पडतो आणि सावरायला उंची उरलेली नसते.

ज्यांनी स्वतः विमान बांधलंय, बांधतायत किंवा दुसऱ्याने बांधलेलं विकत घेतलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अमेरिकेत हा छंद चांगला रुजलेला आहे. 'एक्स्पेरिमेंटल' वर्गातल्या अशा विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा आवडीपोटी केलेलं असावं, असा तिथला नियम. तिकडे राहणारं कुणी मराठी माणूस गॅरेजमध्ये आरव्ही किंवा झेनिथचं किट उघडून बसलं असेल, तर हा लेख आधी त्याच्यासाठी. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाकडे त्याची नोंदणी झाली. ते पाहून ज्यांच्या मनात काही जागं झालं असेल, त्यांनीही हे वाचावं. प्रशिक्षकाबरोबरच्या सरावाला मात्र वाचन हा पर्याय नाही, हे आधीच सांगतो.

आधी एक खरी घटना

१२ ऑक्टोबर १९९७. गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियातल्या माँटेरे विमानतळावरून आपलं नुकतंच घेतलेलं लाँग-ईझी घेऊन उडाला. बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून दुसऱ्या कुणी बांधलेलं हे होमबिल्ट. डेन्व्हर नवखा नव्हता, त्याच्या नावावर अडीच हजारांहून अधिक तासांचं उड्डाण होतं. पण या विमानाची ओळख जेमतेम अर्ध्या तासाच्या उड्डाणाची.

आराखड्यात फ्युएल सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारा कॉक, वैमानिकाच्या पुढ्यात होता. बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला. लाँग-ईझीची काडी, म्हणजे विमान हाताळायची कंट्रोल स्टिक, उजव्या हाताशी असते. म्हणजे टाकी बदलायची तर काडी सोडायची, अंग डावीकडे पिळायचं आणि उजवा हात डाव्या खांद्यामागे न्यायचा. तसं वळताना उजवा पाय आपोआप पेडलवर रेटला जातो आणि विमान उजवीकडे वळतं. कॉकची कुठली दिशा म्हणजे कुठली टाकी, तेही लिहिलेलं नव्हतं. पेट्रोल किती उरलं ते दाखवणाऱ्या काचेच्या खिडक्या मागच्या बाजूला होत्या, त्यांवर खुणा नव्हत्या.

उड्डाणाआधी डेन्व्हर आणि एक मेकॅनिक याच कॉकबद्दल बोलले होते. दांडा लांब व्हावा म्हणून त्यावर पकड लावून पाहिली, जमलं नाही. मागच्या खिडक्या दिसाव्यात म्हणून मेकॅनिकने छोटा आरसा दिला. पेट्रोल भरायचं का, असंही विचारलं. तासभरच उडणार आहे, असं सांगून डेन्व्हरने नको म्हटलं. थोड्याच वेळात पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्याजवळ, काही शे फुटांवर असताना, लोकांना इंजिनाचा आवाज तुटल्यासारखा ऐकू आला आणि विमान समुद्रात गेलं. सिलेक्टर फिरवण्याच्या धडपडीत लक्ष विमानावरून उडालं, नकळत उजवं पेडल दाबलं गेलं आणि ताबा सुटला, असा एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेचा निष्कर्ष होता. पेट्रोल न भरणं, सिलेक्टरची जागा, खुणा नसलेले गेज आणि या जातीच्या विमानाचं अपुरं प्रशिक्षण ही जोडकारणं.

ही घटना इतकी सविस्तर सांगायचं कारण असं, की पेट्रोल न मिळाल्याने इंजिन मंदावणं ही यातली लहान गोष्ट होती. जीव गेला तो ताबा सुटल्याने, आणि ताबा सुटेल अशी व्यवस्था बांधणीच्या टेबलावरच झालेली होती. २०१२ मध्ये एनटीएसबीने होमबिल्ट विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हवेत ताबा सुटणं आणि इंजिनाची शक्ती जाणं ही दोन कारणं सर्वांत वर होती. विमानाचा सांगाडा तुटल्याची उदाहरणं थोडीच. अपघात झालेल्या विमानांपैकी निम्म्याहून अधिक स्वतः न बांधता विकत घेतलेली होती.

बांधताना आणि विकत घेताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंजिन बंद पडण्यामागे पिस्टन फुटणं किंवा क्रँकशाफ्ट तुटणं अशी नाट्यमय कारणं कमी असतात. पेट्रोल संपलं, अडलं, त्यात पाणी आलं किंवा कचरा आला, हीच कारणं पुनःपुन्हा सापडतात. कंपनीने बनवलेल्या विमानाची पेट्रोलची व्यवस्था हजारो प्रतींत तपासून निघालेली असते. तुमची जगात एकच आहे.

पहिलं काम, फ्युएल फ्लोची चाचणी. विमान मोकळ्या जागेत ठेवा, नीट बांधा, अर्थिंगची तार लावा, अग्निशामक हाताशी ठेवा. शेपटी खाली घेऊन किंवा पुढचं चाक उचलून नाक चढाईच्या सर्वांत उभ्या कोनापेक्षाही थोडं वर आणा. टाकीत अगदी थोडं पेट्रोल घाला. कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवून मोजपात्रात धरा आणि एक मिनिट वाहू द्या. पेट्रोल नुसतं उतारावरून येत असेल, तर टेकऑफच्या वेळी इंजिन जितकं पितं त्याच्या १५० टक्के यायला हवं. पंप असेल तर १२५ टक्के. उदाहरणार्थ, १०० हॉर्सपॉवरचं रोटॅक्स ९१२ यूएलएस टेकऑफला ताशी सुमारे २७ लिटर घेतं. म्हणजे उताराच्या व्यवस्थेत मिनिटाला ६७५ मिलिलिटर आणि पंपाच्या व्यवस्थेत साधारण ५६५ मिलिलिटर पात्रात पडलं पाहिजे. प्रत्येक टाकीची चाचणी वेगळी करा, प्रत्येक पंपाची वेगळी करा. धार तुटली की टाकीत जे उरतं, ते त्या कोनात वापरता न येणारं पेट्रोल. तो आकडा लिहून ठेवा, टाकीतून कायमचा वजा करा.

कचऱ्याचं म्हणाल तर बांधकामाचाच कचरा सर्वांत वाईट. टाकीच्या सांध्यांना लावलेल्या सीलंटचे बारीक तुकडे, ॲल्युमिनियमचा कीस, फायबर ग्लासची पिठासारखी धूळ. टाकी धुऊन स्वच्छ दिसली तरी हे कोपऱ्यांत चिकटून असतं. पहिल्या उड्डाणात विमान हादरलं, पेट्रोल घुसळलं की सुटतं आणि थेट फिल्टरवर येऊन बसतं. म्हणून पहिल्या काही तासांत प्रत्येक उड्डाणानंतर फिल्टर उघडा. पांढऱ्या कापडावर तो उलटा झटका आणि काय पडलं ते भिंगाखाली बघा. तुकडे पडायचे थांबेपर्यंत हे चालू ठेवा.

टाकीत हवा जायची नळी, व्हेंट, ही नेहमी विसरली जाते. ती बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येणं थांबतं. विमान काही दिवस नुसतं उभं असेल तरी कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर करते. उड्डाणाआधी दरवेळी व्हेंट बघा.

नळ्या गरम एक्झॉस्टजवळून नेऊ नका. उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन नळीत अडते, यालाच व्हेपर लॉक म्हणतात. मोटारीचं पेट्रोल वापरणाऱ्यांना हा धोका जास्त. त्यात इथेनॉल असेल तर टाकीचं सीलंट आणि रबर ते सोसणारं आहे ना, हे आधी बघा. आपल्याकडे आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

इंजेक्शन आणि इग्निशन इलेक्ट्रॉनिक असतील तर तुमचं इंजिन विजेवर जगतं. दुसरी बॅटरी, तिच्यापर्यंत वेगळी वायर, आणि अल्टरनेटर गेल्यावर इंजिन किती मिनिटं चालतं याची जमिनीवर घड्याळ लावून घेतलेली चाचणी, या तिन्ही गोष्टी हव्यातच.

आता सीटवर बसा. पट्टे करकचून आवळा, डोळे मिटा. फ्युएल सिलेक्टर, बूस्ट पंप (पेट्रोलचा जादा पंप), मिक्स्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण), कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा), इग्निशन, मास्टर स्विच (सगळी वीज), कॅनोपीची (वरच्या काचेच्या झाकणाची) कडी. एकेकाला हात लावा. खांदा सीटपासून सुटत असेल किंवा चाचपडावं लागत असेल, तर तो भाग हलवा. दुसऱ्याचं विमान विकत घेतलं असेल तरीही हलवा. डेन्व्हरच्या विमानात हेच करायचं राहून गेलं होतं.

स्वतःच्या विमानाचे आकडे

बेस्ट ग्लाइडचा वेग म्हणजे ज्या वेगाने इंजिनाशिवाय सर्वांत लांब जाता येतं तो. आराखड्याच्या पुस्तकात दिलेला हा वेग दुसऱ्याच्या विमानाचा असतो. तुमचं वजन वेगळं, प्रॉपेलर वेगळा, पितो ट्यूबची, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीची, चूकही वेगळी. अमेरिकेत नव्या विमानाला चाचणीचे तास ठरवून दिलेले असतात. इंजिन आणि प्रॉपेलर यांची प्रमाणित जोडी असेल तर सहसा २५, नाहीतर ४०. बरेच जण ते नुसते घिरट्या घालून संपवतात. त्यातले काही तास या कामाला द्या.

शांत हवेत, विमानतळाच्या डोक्यावर ५,००० फुटांच्या वर जा. थ्रॉटल बंद करून एक वेग धरा आणि ५,००० ते ४,००० फूट उतरायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर घ्या. पाच-पाच नॉटच्या अंतराने परत करा. प्रत्येक वेगाने त्या सेकंदांत किती अंतर गेलं याचा हिशोब मांडला की तुमचा बेस्ट ग्लाइड सापडतो. हे पूर्ण वजनाला आणि कमी वजनाला दोन्हीकडे करा, कारण वजन वाढलं की हा वेगही वाढतो. एक सावधगिरी बाळगा. बंद थ्रॉटलवर चालू असलेलं इंजिन थोडंफार ओढत असतं. खरोखर बंद पडलेल्या इंजिनाचा प्रॉपेलर हवेने फिरत राहतो आणि ब्रेक लावतो. म्हणून मिळालेल्या आकड्यातून अंतर कमीच धरा.

तो वेग पॅनलवर, वेगमापकाच्या शेजारी, ठळक अक्षरांत चिकटवा.

ग्लायडर उडवण्याची संधी मिळाली तर सोडू नका. पुण्यात हडपसरचं ग्लायडिंग सेंटर कित्येक पिढ्यांना माहीत आहे. इंजिनच नसलेल्या विमानात प्रत्येक लँडिंग एकदाच मिळतं. त्या सवयीसारखं शिक्षण दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

टेकऑफच्या आधी, मोठ्याने

रनवेच्या तोंडाशी थांबून, एकटे असलात तरी, हे तोंडाने म्हणा: 'चाकं जमिनीवर असताना शक्ती गेली तर थ्रॉटल बंद, ब्रेक, सरळ थांबायचं. हवेत असताना समोर रनवे उरला असेल तर त्यावरच उतरायचं. अमुक फुटांखाली समोरच उतरायचं, डावी-उजवीकडे थोडंच वळायचं. त्याच्या वर असलो तर वळण्याचा विचार.' आणि आज समोर काय आहे तेही म्हणा: 'शेत डावीकडे, तारा उजवीकडे, वारा समोरून.' निर्णय जमिनीवर झालेला असला की हवेत फक्त तो अमलात आणायचा राहतो.

'अमुक फूट' हा आकडा कुणाकडून उसना घेऊ नका. प्रशिक्षकाला घेऊन सुरक्षित उंचीवर चढाईची स्थिती धरा, थ्रॉटल बंद करा, चार सेकंद काहीच करू नका, कारण खऱ्या धक्क्यात तितका वेळ जातोच. मग नाक खाली घेऊन ४५ अंश कलवून वळा. परत रनवेच्या रेषेवर यायला १८० अंश पुरत नाहीत. वळताना तुम्ही रेषेपासून बाजूला जाता, म्हणून २२५ ते २७० अंश धरावे लागतात. किती उंची गेली ते बघा आणि त्यात निम्मी आणखी मिळवा. बहुतेकांना हा आकडा अपेक्षेपेक्षा बराच मोठा येतो.

कमी उंचीवर परत वळण्याचा मोह जीवघेणा का, ते आकड्यांत बघा. सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होणारं विमान ४५ अंश कललं की ६० नॉटच्या आसपास स्टॉल होतं, ६० अंशांत ७० नॉटला. जमीन वर येताना दिसते, हात नकळत काडी ओढतो, पाय वळण घट्ट करायला पेडल दाबतो. स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली पडण्यात, जायची कृती तंतोतंत हीच आहे. शिवाय टेकऑफ वाऱ्यात तोंड करून झालेला असतो, म्हणजे परतताना वारा पाठीवर. १० नॉट वारा आणि ६० नॉट वेग असेल तर जमिनीवरचा वेग ५० ऐवजी ७० होतो आणि विमानाने जिरवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट. समोरच्या वेड्यावाकड्या शेतात पंख सरळ ठेवून टेकलेलं विमान मोडतं, पण माणूस सहसा चालत बाहेर येतो.

शक्ती गेली त्या क्षणी

नाक खाली. आधी हेच. चढाईत नाक आधीच उंच असतं आणि हलकी होमबिल्ट विमानं, विशेषतः तारा-टेकू बाहेर असलेली, बघता बघता वेग गमावतात. हळूच सैल सोडणं पुरत नाही, काडी ठामपणे पुढे न्यावी लागते. समोरची काच जमिनीने भरली की पोटात गोळा येतो. येऊ द्या. बेस्ट ग्लाइडचा वेग दिसेपर्यंत नाक तिथेच ठेवा, मग ट्रिम करा.

दुसरं, शेत. कारण शोधण्याच्या आधी शेत. वारा कुठून आहे हे उडताना सतत ठाऊक असायला हवं. धूर, तळ्यावरच्या लाटा, झाडांची पानं, आणि काही नाही तर टेकऑफच्या वेळचा वारा. उंची कमी असेल तर नाकाच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत जे आहे त्यातूनच निवडा. उंची भरपूर असेल तर खाली, आपल्या पायांशी बघा. लांबचं सुंदर शेत गाठायच्या नादात जवळचं साधं शेत हातचं जातं.

शेत कसं ओळखायचं यावर थोडं थांबतो. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत जुलै-ऑगस्टमध्ये मका माणसाहून उंच असतो, त्याच्या कणसांत चाकं अडकून विमान पालथं होतं. शेजारचं सोयाबीन घ्या. महाराष्ट्रात तोच हिशोब उसाला लागू. द्राक्षबाग वरून हिरवीगार गादी दिसते, पण खाली लोखंडी अँगल आणि तारांची जाळी असते. तिच्याकडे बघूही नका. नांगरलेलं रान असेल तर सरींच्या दिशेने उतरा, आडवं नाही, मग वारा थोडा बाजूने आला तरी चालेल. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत पुढचं चाक रुतणार हे धरूनच चला. उन्हाळ्यातल्या त्याच रानात बांध दिसतात का ते बघा. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच. रस्ता मोहात पाडतो, पण रस्त्याकडेला बहुतेक वेळा तारा असतात आणि त्यावर तुमच्याशी देणंघेणं नसलेली माणसं असतात.

तिसरं, इंजिन परत मिळतं का ते बघा, पण उंची असेल तरच. डोळे मिटून केलेला हाताचा सराव इथे कामी येतो. सिलेक्टर दुसऱ्या टाकीवर, बूस्ट पंप चालू, मिक्स्चर रिच, कार्ब हीट पूर्ण, इग्निशन दोन्ही. दर दोन कृतींनंतर वेगमापकाकडे नजर. हजार फुटांखाली आलात की हा प्रयत्न सोडा आणि उरलेलं लक्ष लँडिंगला द्या.

कार्ब हीटबद्दल नव्या मंडळींचा एक गैरसमज असतो, की बर्फ थंडीतच धरतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आणि हवा प्रसरण पावताना तापमान ३० अंश सेल्सियसहून जास्त खाली येऊ शकतं. बाहेर २० अंश आणि दमट हवा असेल तर आत पाणी गोठतं. कमी थ्रॉटलवर तर याहून उबदार हवेतही. ठरलेल्या पिचच्या प्रॉपेलरला पहिली खूण म्हणजे आरपीएम हळूहळू उतरणं. कार्ब हीट ओढली की इंजिन आधी आणखी खडखडतं, कारण वितळलेलं पाणी आत जात असतं. घाबरून हीट परत बंद करू नका, इंजिन सुधारेपर्यंत धरून ठेवा.

चौथा रेडिओ. ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथेच बोला, नाहीतर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर. 'मेडे' तीनदा, विमानाचं नाव, जागा, 'इंजिन बंद, शेतात उतरतोय, दोघे जण'. ट्रान्सपाँडरवर (रडारला ओळख सांगणाऱ्या यंत्रावर) ७७०० हा संकटाचा कोड. वेळ नसेल तर हे सगळं सोडून दिलं तरी चालतं. रेडिओवरचा माणूस तुमच्या वतीने काडी धरू शकत नाही.

पूर्ण बंद नाही, नुसतं मंदावलं

हे पूर्ण बंद पडण्यापेक्षा अवघड आहे. ऑस्ट्रेलियाच्या एटीएसबी या तपास संस्थेने टेकऑफनंतर शक्ती अर्धवट गेल्याच्या घटना तपासल्या. एकइंजिनी विमानांत त्या पूर्ण बंद पडण्याच्या साधारण तिप्पट निघाल्या आणि जीवघेणे अपघातही याच गटात होते. इंजिन पूर्ण गेलं तर निर्णय एकच उरतो. अर्धं चालत असलं की माणूस आशेवर राहतो, उंची टिकवायला नाक वर धरतो, रनवेकडे वळू पाहतो, आणि नेमकं वळणात इंजिन उरलंसुरलं सोडतं.

माझा नियम सोपा आहे. अर्धवट चालणारं इंजिन बंद पडलेलंच समजायचं. त्याची उरलेली ताकद चांगल्या शेताच्या वर पोचायला वापरायची आणि एकदा शेत ग्लाइडच्या पल्ल्यात आलं की त्या पल्ल्याबाहेर जायचं नाही.

शेतावर आल्यावर

नेहमीच्या सर्किटसारखंच उतरा, कारण उंचीचा अंदाज त्याच चौकटीत बसलेला असतो. शेताच्या बाजूने जाताना हजार फूट, मग बेस (शेताला आडवं जाणं), मग फायनल (शेताकडे सरळ उतरणं). सुरुवातीला निशाणा शेताच्या एक तृतीयांश आत धरा. पोहोचणार याची खात्री पटली की फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) सोडून किंवा स्लिप करून, म्हणजे विमान तिरकं धरून, तो अलीकडे आणा. उंची कमी पडली तर काहीच करता येत नाही, जास्त झाली तर काढता येते. शेताच्या पलीकडच्या टोकाला ताशी ३० किलोमीटरने कुंपणात शिरणं हे अलीकडच्या झाडांवर ८० किलोमीटरने आदळण्यापेक्षा कितीतरी बरं. फ्लॅप विजेवर चालत असतील तर आधी फ्लॅप, मग मास्टर बंद. टेकण्याआधी पेट्रोल बंद, मिक्स्चर कट, इग्निशन बंद, पट्टे शक्य तितके आवळलेले. कॅनोपीची कडी सोडायची की नाही हे तुमच्या विमानावर अवलंबून आहे. पुढून उघडणाऱ्या काही कॅनोप्या हवेत सुटल्या तर विमानाचं नाक हलतं. हे आधी जाणून घ्या. विमान उलटलं आणि कॅनोपी अडकली तर फोडायला हातोडी पट्ट्यात बांधलेली असू द्या.

खांद्याचा पट्टा कशाला बसवला आहे, तेही बघून ठेवा. मार्च २०१५ मध्ये अभिनेता हॅरिसन फोर्डच्या जुन्या रायन विमानाचं इंजिन सांता मोनिकाहून टेकऑफ घेतल्यावर बंद पडलं. तो गोल्फच्या मैदानावर उतरला आणि वाचला. कार्ब्युरेटरमधला मुख्य जेट आट्यांतून सुटला होता, असं तपासात निघालं. पण दुखापती वाढल्या त्या खांद्याचा पट्टा नीट बसवलेला नसल्यामुळे. होमबिल्टमध्ये तो पट्टा तुम्हीच बसवलेला असतो.

शक्य तितक्या कमी वेगाने, पण उडत असतानाच टेका. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारं विमान ९ जी, म्हणजे गुरुत्वाच्या नऊपट, इतक्या एकसारख्या धक्क्याने थांबवायला तीन मीटरही लागत नाहीत, १६० असेल तर अकरा मीटरहून अधिक. म्हणून वेग कमी करण्याला एवढं महत्त्व. पंख झाडाझुडपांत गेले, चाकं मोडली तरी चालेल, ती ऊर्जा खाण्यासाठीच आहेत. बसायचा पिंजरा शाबूत राहिला पाहिजे.

उतरल्यावर

लगेच बाहेर पडा, लांब जा. पेट्रोलचा वास येत असेल तर मास्टरला पुन्हा हात लावू नका. ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी (संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) आपोआप सुरू झाला नसेल तर हाताने सुरू करा. मग फोन.

विमान शाबूत असेल, इंजिन पुन्हा सुरू होत असेल, तरी तिथून उडून जाऊ नका. गॅस्कोलेटर (पेट्रोलमधलं पाणी-कचरा साठणारी वाटी), फिल्टर, टाक्यांतलं पेट्रोल आणि सिलेक्टरची जागा यांचे फोटो काढा, पेट्रोलचा नमुना बाटलीत भरून ठेवा. बाहेरचं तापमान आणि दवबिंदू लिहून ठेवा. कार्ब्युरेटरमधला बर्फ थोड्याच वेळात वितळून जातो आणि मेकॅनिक आला की त्याला सगळं ठणठणीत सापडतं. त्यावेळी हे दोन आकडेच कामाला येतात.

कारण सापडलं, दुरुस्ती झाली, तर विमान ट्रेलरवरून विमानतळावर न्या आणि ते नव्याने बांधलेलं समजून सुरुवात करा. फ्लो चाचणी, जमिनीवर पूर्ण ताकदीची रन, मग एकट्याने, दुसरा माणूस न घेता, रनवेच्या डोक्यावर गोल गोल चढत जाणारं उड्डाण. प्रत्येक क्षणी रनवे ग्लाइडच्या पल्ल्यात. खाली उतरलात की फिल्टर उघडून पुन्हा पांढऱ्या कापडावर झटका.